बलात्काराची तक्रार द्यायला तिच्यासोबत जाताय? मग हे वाचून निघा

अत्याचाराची बातमी आली की आपल्याकडे दोन गोष्टी ठरलेल्या असतात. चौकात मेणबत्त्या लागतात, 'फाशी द्या'च्या घोषणा होतात. आणि त्याच चौकातल्या चहाच्या टपरीवर 'एवढ्या रात्री ती तिथं करत काय होती' हेही सुरू असतं. ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूरला लोक रेल्वे रुळांवर उतरले, तेव्हा राग गुन्ह्याचा तर होताच, पण तक्रार नोंदवून घ्यायला झालेल्या उशिराचाही होता. हा उशीर मोर्चाने कमी होत नाही. सिव्हिल हॉस्पिटलच्या कॅज्युअल्टीबाहेर, ठाण्यातल्या बाकावर, कोर्टाच्या व्हरांड्यात तिच्या शेजारी नियम माहीत असलेलं एक माणूस बसलेलं असेल, तर तो कमी होतो.

तो माणूस बहुधा कार्यकर्ता नसतो. वहिनी असते, हॉस्टेलची रेक्टर असते, आशा ताई असते, शाळेतल्या बाई असतात, कधी कंपनीतला सहकारी असतो. हा लेख त्यांच्यासाठी आहे. वकिलाचा सल्ला वेगळा घ्यावा लागेलच, पण वकील भेटेपर्यंतचे पहिले तीन दिवस तुमच्या हातात असतात आणि केसचं निम्मं भवितव्य तिथंच ठरतं.

आधी ऐका

तिने तुम्हाला सांगितलं म्हणजे तिने आधी चार जणांना मनातल्या मनात बाद केलंय. त्यामुळे पहिली दहा मिनिटं फोन बाजूला ठेवा. 'माझा तुझ्यावर विश्वास आहे. यात तुझी चूक नाही. पुढं काय करायचं ते तू ठरव, मी सोबत येते.' एवढं पुरे.

'का' ने सुरू होणारे प्रश्न गिळून टाका. का गेलीस, का ओरडली नाहीस, आधी का सांगितलं नाहीस. हे प्रश्न पुढं पोलीस विचारतील, आरोपीचा वकील तर विचारेलच. ती उलटसुलट सांगेल, मधलं काही आठवणार नाही, एखादी मुलगी सांगता सांगता हसेलसुद्धा. काही जणी इतक्या शांत बोलतात की ऐकणाऱ्यालाच शंका येते. जबर धक्का बसलेलं माणूस असंच वागतं. रडणं हा पुरावा नव्हे आणि न रडणं हाही नव्हे. जवळ घ्यायचं असेल तर आधी विचारा.

सगळ्यात मोठी घाई होते ती घरातल्या पुरुषांना बोलावण्याची. भाऊ तडकाफडकी आरोपीच्या घरी जातो, मारामारी होते, आणि संध्याकाळपर्यंत भावावरच गुन्हा दाखल झालेला असतो. मग दोन्हीकडून 'मिटवून टाका' सुरू होतं. शिवाय राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या (एनसीआरबी) आकडेवारीत वर्षानुवर्षे बलात्काराच्या ९० टक्क्यांहून अधिक प्रकरणांत आरोपी ओळखीचा निघतो: नातेवाईक, शेजारी, मित्र, मालक. तुम्ही ज्याला विश्वासाने फोन लावताय तो त्याचाच मावसभाऊ असू शकतो. कोणाला सांगायचं ते तिलाच विचारा.

तिने पहिल्यांदा ज्या व्यक्तीला सांगितलं तिचाही जबाब पोलीस घेऊ शकतात, आणि ती व्यक्ती पुढं कोर्टात साक्षीदार होऊ शकते. म्हणून त्याच दिवशी एका वहीत लिहून ठेवा: किती वाजता, कुठं, तिने कोणत्या शब्दांत सांगितलं. शब्द तिचेच ठेवा. 'शोभेल असं' लिहायला जाऊ नका.

मुलगी किंवा मुलगा १८ वर्षांखालचा असेल तर एक गोष्ट आधीच सांगा, सगळं ऐकून झाल्यावर नव्हे: 'हे मला पोलिसांना कळवावं लागेल.' पॉक्सो, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या कायद्याच्या कलम १९ प्रमाणे ते प्रत्येकावर बंधनकारक आहे. गुपित ठेवायचं वचन देऊन नंतर ते मोडलं तर त्या लेकराचा मोठ्या माणसांवरचा उरलासुरला विश्वासही जातो.

तक्रार करायची की नाही हे ठरलं नसलं तरी आधी दवाखाना

सज्ञान बाईने तक्रार करायची की नाही, हा निर्णय तिचा. बलात्काराच्या गुन्ह्याला तक्रारीची कालमर्यादा नाही. महिन्यांनी, वर्षांनीही तक्रार देता येते. पण शरीराला आणि पुराव्याला मुदत असते. म्हणून दवाखान्याचा निर्णय तक्रारीच्या निर्णयाला बांधू नका.

गर्भधारणा टाळायची गोळी जितकी लवकर तितकी चांगली; ७२ तासांच्या आत द्यावी, पाच दिवसांपर्यंत थोडाफार उपयोग होतो. एचआयव्हीचा संसर्ग टाळणारी औषधं मात्र ७२ तासांच्या आतच सुरू व्हावी लागतात आणि २८ दिवस न चुकता घ्यावी लागतात. या गोळ्यांनी मळमळ होते, चक्कर येते, बऱ्याच जणी आठव्या-दहाव्या दिवशी सोडून देतात. तेव्हा रोज एक मेसेज करायचं काम तुम्ही घ्या. कावीळ 'ब' आणि धनुर्वाताची लस, पुन्हा कधी तपासणीला यायचं त्या तारखा, हे सगळं डॉक्टरांना विचारून लिहून घ्या.

नमुने साधारण ९६ तासांपर्यंत घेता येतात. तोवर अंघोळ, कपडे धुणं, केस विंचरणं टाळलेलं बरं. पण तिने अंघोळ केलीच असेल तर 'आता काय उपयोग' असं म्हणून घरी बसू नका, तरीही जा. अंगावरचे कपडे प्लास्टिकच्या पिशवीत कोंबू नका, ओलाव्याने पुरावा कुजतो. वाळवून प्रत्येक कपडा वेगळ्या कागदात गुंडाळा.

निघताना पिशवीत काय घ्यायचं हे कोणी सांगत नाही, म्हणून सांगते. आतल्या कपड्यांसह एक पूर्ण जोडी, चप्पल, सॅनिटरी पॅड, पाण्याची बाटली, बिस्किटं, चार्जर, सुटे पैसे, वही. तिचे कपडे तिथं जमा होतात. बदलायला नसले तर पोरगी हॉस्पिटलच्या हिरव्या गाऊनवर पोलिसांच्या गाडीतून गल्लीत उतरते, आणि ज्यांना माहीत नव्हतं त्यांनाही कळतं.

कॅज्युअल्टीत

पोलिसांचं पत्र असल्याशिवाय तपासणार नाही, असं अजूनही काही ठिकाणी सांगतात. हे चूक आहे. ती थेट दवाखान्यात जाऊ शकते. सरकारी असो वा खाजगी, लैंगिक अत्याचाराच्या रुग्णाला तातडीचे उपचार मोफत देणं प्रत्येक रुग्णालयावर बंधनकारक आहे (भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, कलम ३९७). नाकारले तर तो भारतीय न्याय संहितेच्या कलम २०० खाली गुन्हा आहे. हे कलम भांडायला वापरू नका. शांतपणे उच्चारलं की बहुतेक ठिकाणी पुरतं.

पहिला अडथळा केसपेपरच्या खिडकीचा. मागं पंधरा जणांची रांग, आणि आतला माणूस जाळीतून मोठ्याने विचारतो, 'काय होतंय पेशंटला?' तिला उत्तर द्यायला लावू नका. एका चिठ्ठीवर 'एमएलसी, ड्यूटी डॉक्टरांना भेटायचं आहे' असं लिहून आत सरकवा. एमएलसी म्हणजे पोलिसांशी संबंध येणारी वैद्यकीय केस. नंतर सिस्टरना बाजूला घेऊन सांगा आणि वेगळ्या खोलीची मागणी करा.

दवाखान्याला पोलिसांना कळवावं लागतं. त्याचा अर्थ तिला तक्रार करावीच लागेल असा नाही. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाची २०१४ ची मार्गदर्शक तत्त्वं आहेत. त्याप्रमाणे तिचा नकार लिहून घेतात आणि उपचार सुरू ठेवतात. संमती एकगठ्ठा नसते. तपासणी, नमुने, उपचार, स्वतःची माहिती पोलिसांना उघड करणं: प्रत्येकाला ती वेगळं हो किंवा नाही म्हणू शकते, तपासणी मध्येच थांबवू शकते. १२ वर्षांपुढच्या मुलीची स्वतःची संमती लागते, त्याखाली पालकांची. सज्ञान बाईसाठी लेडी डॉक्टर नाही म्हणून सकाळपर्यंत थांबवून ठेवत असतील तर तेही मान्य करू नका. पुरुष डॉक्टर असले तर खोलीत एक स्त्री हजर हवी, इतकंच. मुलींच्या बाबतीत पॉक्सो कायद्याने महिला डॉक्टरच लागतात.

आता ती 'दोन बोटांची चाचणी'. सुप्रीम कोर्टाने २०१३ मध्ये ती तिच्या खाजगीपणावर आणि प्रतिष्ठेवर घाला ठरवली, आणि ऑक्टोबर २०२२ मध्ये ही चाचणी करणारा गैरवर्तनाचा दोषी धरला जाईल असं बजावलं. योनिमार्ग 'सैल' की 'घट्ट', पडदा 'जुना फाटलेला' असले शेरे अहवालात असायचं काही कारण नाही. तिला आत जाण्याआधी सांगून ठेवा, म्हणजे कोणी तसा प्रयत्न केला तर तिला नाही म्हणता येईल.

'अंगावर जखमा नाहीत' असं अहवालात आलं तर घाबरायचं कारण नाही, पण हे वाक्य कुठून येतं ते माहीत हवं. १९७२ मध्ये तेव्हाच्या चंद्रपूर, आताच्या गडचिरोली जिल्ह्यातल्या देसाईगंजच्या पोलीस ठाण्यातच एका आदिवासी मुलीवर अत्याचार झाला. नागपूर खंडपीठाने पोलिसांना दोषी धरलं. सुप्रीम कोर्टाने ते फिरवलं; जखमा नाहीत, प्रतिकाराच्या खुणा नाहीत, म्हणजे संमती असणार, असा त्याचा रोख होता. उपेंद्र बक्षी, वसुधा धागमवार, लोतिका सरकार आणि रघुनाथ केळकर या चार प्राध्यापकांनी १९७९ मध्ये सरन्यायाधीशांना खुलं पत्र लिहिलं, मुंबईपासून अनेक शहरांत बायका रस्त्यावर आल्या, आणि १९८३ मध्ये कायदा बदलला. आज कायद्यात स्पष्ट लिहिलेलं आहे की शारीरिक प्रतिकार केला नाही एवढ्यावरून संमती धरता येत नाही. तरी 'मग तू हातपाय का नाही झाडलेस' हा प्रश्न ओपीडीपासून स्वयंपाकघरापर्यंत सगळीकडे जिवंत आहे.

वैद्यकीय अहवालाची प्रत तिला मोफत मिळते. मागून घ्या. निघण्यापूर्वी विचारा, इथं 'सखी' वन स्टॉप सेंटर आहे का. ही केंद्रं २०१५ पासून जिल्ह्याजिल्ह्यांत सुरू झाली. समुपदेशन, वकील आणि काही दिवसांचा निवारा एका ठिकाणी मिळावा ही कल्पना. मुंबईत महापालिकेच्या रुग्णालयांत 'दिलासा' केंद्रं आहेत. पहिलं वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात 'सेहत' या संस्थेच्या सोबतीने उभं राहिलं. जिथं ती नीट चालतात तिथं अर्धा ताण तिथंच उतरतो. कुठं नुसतीच पाटी असते.

पोलीस ठाण्यात

इथं जाण्याआधी तिला एकदा कागदावर घटनाक्रम लिहू द्या, किंवा ती सांगेल तसा तुम्ही लिहा. तारीख, वेळ, जागा, आधीची ओळख, धमकी दिली असल्यास तिचे शब्द. चॅट, कॉल, फोटो काहीही डिलीट करू नका. लाज वाटणारे मेसेज तर मुळीच नाही, कारण ते त्याच्या फोनमधून निघतातच.

ठाण्यात ठरावीक वाक्यं ऐकू येतात. प्रत्येकाला उत्तर आहे.

'हे आमच्या हद्दीत नाही.' चालत नाही. झीरो एफआयआर कुठल्याही ठाण्यात नोंदवता येतो. घटना लोणावळ्यात घडली आणि मुलगी नाशिकला परत आली तर नाशिकमध्ये नोंदवायची, ते पुढं पाठवतात. ऑनलाइन तक्रार दिली तर तीन दिवसांत सही करायला जावं लागतं.

'मॅडम नाहीत, उद्या या.' अशा गुन्ह्याची माहिती महिला अधिकाऱ्यानेच नोंदवायची हे खरं, पण ती अधिकारी आणणं ही ठाण्याची जबाबदारी आहे, तिची नव्हे. ११२ ला फोन लावून ठाण्यातच उभे आहोत असं सांगितलं की मॅडम येतात, असा साधारण अनुभव.

'आधी चौकशी करतो, मग बघू.' नव्या नागरिक सुरक्षा संहितेत प्राथमिक चौकशीची मुभा तीन ते सात वर्षांखालच्या शिक्षेच्या गुन्ह्यांपुरती आहे. बलात्कार त्यात बसत नाही.

'एनसी घेऊन ठेवतो.' एनसी म्हणजे अदखलपात्र गुन्ह्याची नोंद, त्यावर तपासच होत नाही. तिच्यावर सही करून घरी येऊ नका.

'मुलीच्या लग्नाचा विचार केलाय का?' हे वाक्य बहुधा वडिलांना बाहेर नेऊन सांगितलं जातं, आपुलकीच्या सुरात. वडिलांसोबत तुम्हीही बाहेर जा.

तरीही नोंद घेतलीच नाही, तर तक्रार लेखी करून पोलीस अधीक्षक किंवा आयुक्तांना स्पीड पोस्टाने पाठवा, पावती जपा. त्यानंतर मॅजिस्ट्रेटकडे अर्ज करता येतो. लैंगिक गुन्ह्याची नोंद न घेणाऱ्या लोकसेवकाला सहा महिने ते दोन वर्षं सक्तमजुरीची तरतूद आहे (न्याय संहिता, कलम १९९).

जबाब घेतला जातो तेव्हा खरी जागरूकता लागते. ती सांगते एक, आणि टाइप होतं ठाण्याच्या साच्यातलं. 'माझ्या मनास लज्जा उत्पन्न होईल असे वर्तन केले' हे त्या साच्यातलं ठरलेलं वाक्य. त्याने नेमकं काय केलं ते न लिहिता एवढंच लिहिलं गेलं, तर बलात्काराचा गुन्हा विनयभंगावर येऊन थांबतो. कलम बदलतं, शिक्षा बदलते, जामीनही सोपा होतो. कोणत्या अवयवाला, कशाने, काय केलं ते तिच्या शब्दांत यायला हवं. तिला उच्चारायला अवघड जात असेल तर लिहून देऊ द्या. पावरी, गोंडी, हिंदी, जी तिची भाषा असेल तिचा दुभाषा मागा. शेवटी 'जबाब वाचून पाहिला, तो माझे सांगणेप्रमाणे बरोबर व खरा आहे' असं छापून येतं आणि त्याखाली सही असते. म्हणून खरंच वाचा. रात्रीचे दोन वाजले असले तरी वाचा. चूक असेल तर दुरुस्त करून घ्या. नंतर आठवलेलं पुरवणी जबाबात देता येतं, पण प्रत्येक पुरवणीवर पुढं उलटतपासणीत 'हे आधी का नाही सांगितलं' येतं.

जबाब ठाण्यातच द्यावा लागतो असंही नाही. तिच्या घरी किंवा तिला सोयीच्या जागी, शक्यतो महिला अधिकाऱ्यासमोर, आईवडील, जवळचं माणूस किंवा सामाजिक कार्यकर्ती सोबत असताना तो घेता येतो. अपंग असेल तर दुभाषा किंवा विशेष शिक्षक आणि व्हिडिओ चित्रण ही तिची हक्काची सोय आहे. एफआयआरची प्रत मोफत, तिथल्या तिथे. तपास अधिकाऱ्याचं नाव, हुद्दा, मोबाइल नंबर वहीत. ९० दिवसांच्या आत तपासाची प्रगती तिला कळवणं त्यांच्यावर बंधनकारक आहे. ६० व्या दिवसापासूनच विचारायला लागा, कारण अशा गुन्ह्यांचा तपास दोन महिन्यांत संपवायचा असतो.

ती अनुसूचित जाती-जमातीची असेल आणि आरोपी त्या जाती-जमातींबाहेरचा असेल, तर अ‍ॅट्रॉसिटीची कलमं पहिल्याच दिवशी लागली आहेत का ते तपासा. नंतर लावून घेणं म्हणजे चकरा.

मॅजिस्ट्रेटसमोरचा जबाब

याला सगळे अजून '१६४ चा जबाब' म्हणतात, नव्या नागरिक सुरक्षा संहितेत तो कलम १८३ झाला. शक्यतो महिला मॅजिस्ट्रेट घेतात. आत पोलीस नसतात, बहुधा तुम्हीही नसता. तिला आधी सांगा की ही पाठांतराची परीक्षा नाही, आठवत नसेल तर आठवत नाही म्हणायचं. त्या दिवशी सकाळी तिला पोटभर खायला घाला. नंबर दुपारी लागतो.

मूल असेल तर

पॉक्सोखाली मुलगा-मुलगी दोघंही येतात, आणि मुलग्यांबद्दल आपण अजून पुरते आंधळे आहोत. 'पोराला काय होतंय' म्हणून किती प्रकरणं घरातच जिरतात! सज्ञान पुरुषांसाठी तर नव्या न्याय संहितेत बलात्काराचं कलमच नाही. जुन्या दंड संहितेतलं कलम ३७७ गेल्यावर तिथं मोकळी जागा राहिली आहे. तृतीयपंथी व्यक्तींसाठी २०१९ चा कायदा आहे, पण त्यात लैंगिक अत्याचाराला शिक्षा जास्तीत जास्त दोन वर्षं.

मुलाकडे जबाबासाठी पोलिसांनी साध्या कपड्यात जायचं असतं, रात्री मुलाला ठाण्यात ठेवायचं नसतं. २४ तासांत प्रकरण बालकल्याण समितीला कळवायचं असतं. ही समिती 'सपोर्ट पर्सन' नेमू शकते: घरच्यांना प्रत्येक टप्पा समजावणारी, कोर्टापर्यंत सोबत राहणारी व्यक्ती. पोलीस आपणहून याबद्दल सांगतील अशी वाट पाहू नका. समितीकडे अर्ज करा, वाटल्यास १०९८ या मुलांच्या हेल्पलाइनवर फोन करून मागा. गोव्यात २००३ च्या बालक कायद्याने स्वतंत्र बाल न्यायालय आहे, तिथली वाट थोडी वेगळी.

गर्भ राहिला असेल तर वेळ घालवू नका. अत्याचारातून राहिलेल्या गर्भाचा गर्भपात २४ आठवड्यांपर्यंत कायद्याने करता येतो. त्यापुढं वैद्यकीय मंडळ आणि हायकोर्ट. घरच्यांना पाचव्या महिन्यात कळतं आणि मग 'कोणाला कळायला नको' यात तीन आठवडे जातात. गर्भाची ऊती डीएनए तपासणीसाठी जपायला डॉक्टरांना आणि तपास अधिकाऱ्याला आधीच लेखी सांगा.

पैसा

'पैशासाठी केस केली' हे ऐकावं लागेल. ऐकून सोडून द्या आणि अर्ज करा. काम बुडतं, घर बदलावं लागतं, गाडीभाडं लागतं.

महाराष्ट्रात २ ऑक्टोबर २०१३ पासून 'मनोधैर्य' योजना आहे. २०१७ च्या शेवटी ती सुधारली, कमाल रक्कम १० लाखांपर्यंत नेली आणि काम जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे गेलं. त्यांचं कार्यालय जिल्हा कोर्टाच्या आवारातच असतं. निकालाची वाट बघावी लागत नाही, एफआयआरवर अर्ज होतो. सगळी रक्कम एकदम हातात येत नाही, मोठा भाग बँकेत ठेव म्हणून राहतो. खातं तिच्या एकटीच्या नावावर उघडा. काका जॉइंट नको. अ‍ॅट्रॉसिटी लागली असेल तर समाजकल्याण खात्याकडून टप्प्याटप्प्याने मिळणारं अर्थसाहाय्य वेगळं. वकील परवडत नाही हा प्रश्न नसावा: स्त्रिया आणि मुलांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो, १५१०० वर विचारा.

गाव, भावकी आणि व्हॉट्सअ‍ॅप

तिचं नाव, फोटो किंवा ओळख पटेल असं काहीही छापणं, फॉरवर्ड करणं गुन्हा आहे (न्याय संहिता, कलम ७२, दोन वर्षांपर्यंत कैद). लोकांना वाटतं नाव झाकलं की झालं. गावाचं नाव, वडिलांच्या दुकानाची पाटी, शाळेच्या गणवेशातली पाठ, एवढ्यावर तालुका ओळखतो. 'न्याय मिळालाच पाहिजे' म्हणून तिचा फोटो स्टेटसला ठेवणारे हितचिंतकही त्यात आले. भेटायला येणाऱ्या पुढाऱ्यांसोबत कॅमेरा येऊ देऊ नका. दारातच सांगा, भेटा पण फोटो नको.

मिटवण्याचा दबाव पहिल्या आठवड्यात येतो आणि पुन्हा साक्षीच्या तोंडावर. बलात्काराचा गुन्हा तडजोडीने मिटवता येत नाही. मार्च २०२१ मध्ये सुप्रीम कोर्टाने, आरोपीने तिच्याकडून राखी बांधून घ्यावी ही जामिनाची अट रद्द केली आणि लग्न किंवा समझोता सुचवायचा नाही असं सगळ्या कोर्टांना बजावलं. आपल्याकडे तर राखीपर्यंतही जात नाहीत, थेट 'त्याच्याशीच लग्न लावून द्या' म्हणतात. जात पंचायत बसली, वाळीत टाकण्याची भाषा झाली, तर २०१६ चा सामाजिक बहिष्कारविरोधी कायदा आहे. असा कायदा करणारं महाराष्ट्र पहिलं राज्य. दुकानदाराने किराणा नाकारला, पाणवठ्यावर अडवलं, लग्नाला बोलावणं बंद झालं, प्रत्येक गोष्ट तारखेसह लिहा. धमकीचा फोन आला तर त्याच दिवशी तपास अधिकाऱ्याला लेखी.

शेजारीपाजारी म्हणून तुम्हाला फार काही करायचं नसतं. तिला पूर्वीसारखं हळदीकुंकवाला बोलवा. घरी आली तर टीव्हीवरची बातमी बंद करू नका आणि वाढवूही नका. कामावर असाल तर तिची रजा 'आजारपण' म्हणून टाका, कारण कोणाला सांगू नका. झोप लागत नाही, जेवण जात नाही, जिवावर उदार झाल्यासारखी बोलते, असं दिसलं तर १४४१६ ही टेलिमानसची मोफत लाइन आहे. मराठीत बोलता येतं. कौटुंबिक त्रास असेल तर १८१ ही महिला हेल्पलाइन.

कोर्टात

कागदावर खटला दोषारोपपत्रानंतर दोन महिन्यांत संपवायचा असतो. प्रत्यक्षात साक्षीचं समन्स येईपर्यंत तिचं लग्न झालेलं असतं, शहर बदललेलं असतं, आणि नव्या घरात कोणाला काही माहीत नसतं. पत्ता बदलला की तपास अधिकारी आणि सरकारी वकिलांना कळवा, नाहीतर समन्स जुन्या घरी जातं आणि जुन्या गल्लीत पुन्हा चर्चा.

साक्षीच्या आधी सरकारी वकिलांना भेटून तिचे दोन्ही जबाब वाचायला मागा. खूप फायली असतात त्यांच्याकडे, दोष नाही, पण तुम्ही गेलात तर फाइल उघडली जाते. तिला स्वतःचा वकीलही ठेवता येतो, तो सरकारी वकिलांना मदत करतो. सुनावणी बंद दाराआड होते. बघ्यांना बाहेर काढायची विनंती सरकारी वकिलांकडून आधीच करून ठेवा. आरोपी समोर दिसू नये म्हणून पडदा किंवा व्हिडिओची सोय मागता येते. बऱ्याच जिल्हा कोर्टांत अशा साक्षीदारांसाठी वेगळी खोली झाली आहे. ती तिला आदल्या आठवड्यात रिकामी असताना दाखवून आणा. पूर्वीच्या संबंधांवरचे, चारित्र्यावरचे प्रश्न विचारता येत नाहीत. विचारले तर तिने लगेच उत्तर न देता न्यायाधीशांकडे बघायचं, म्हणजे सरकारी वकिलांना हरकत घ्यायला क्षणभर मिळतो. पाणी मागायचं, थांबायचं, प्रश्न समजला नाही म्हणायचं. एकाच प्रश्नात दोन प्रश्न असतील तर वेगळे करून विचारा असं म्हणायचं.

आरोपीच्या जामिनाच्या अर्जावर तिचं म्हणणं मांडता येतं. २०२२ मध्ये सुप्रीम कोर्टाने पीडितांचा हा हक्क ठळकपणे मान्य केला, त्यामुळे जामिनाची तारीख कळवा असा अर्ज आधीच देऊन ठेवा. आणि निकाल विरोधात गेला, किंवा शिक्षा कमी कलमाखाली झाली, तर सरकार अपील करेल म्हणून थांबू नका. ती स्वतः अपील करू शकते. निकालाच्या दिवशीच प्रमाणित प्रतीसाठी अर्ज टाका आणि प्रत हातात आली की त्याच आठवड्यात विधी सेवा प्राधिकरणाच्या वकिलाला दाखवा.